एक चूल, निराळी पंगत : उपाहारगृहाच्या भटारखान्यातील कुटुंबभाव आणि त्याचे साहित्यरूप

१

मराठी भाषेने कुटुंब मोजण्यासाठी वापरलेले जुने माप चूल हे आहे. दोन भाऊ एकाच वाड्यात राहत असले तरी ‘चूल वेगळी झाली’ की घर वेगळे झाले, असे समजले जाते. एकत्र हिंदू कुटुंबाचे वर्णन करताना विधिपरंपरेनेही अन्न, उपासना आणि मालमत्ता या तिन्हींतील एकत्वावर भर दिला. म्हणजे एका चुलीवरचे खाणे ही कुटुंबाची खूण आहे. पण ती एकटी पुरेशी नाही. चुलीबरोबर वाटा येतो. जो एका चुलीवर जेवतो त्याचा घराच्या मिळकतीत, आणि आजारपणात घराच्या आधारात, काही हक्क असतो, हे त्यात गृहीत आहे.

ही व्याख्या उपाहारगृहाच्या भटारखान्याला लावून पाहिली असता एक पेच उभा राहतो. येथे दहा-वीस माणसे एका चुलीभोवती दिवसाचे बारा-चौदा तास काढतात. बहुतेकांचे घर दूर असते. ती एकत्र राबतात, एकत्र जेवतात, पुष्कळदा तेथेच झोपतात. एकमेकांना अण्णा, मामा, उस्ताद, भाई अशा नात्याच्या वा मानाच्या नावांनी हाक मारतात. पाश्चात्त्य उपाहारगृहांत गिऱ्हाइके येण्यापूर्वी कर्मचारी जे सामुदायिक जेवण घेतात त्याला ‘फॅमिली मील’ असेच नाव आहे. याउलट मुंबईच्या इराणी आणि उडुपी हॉटेलांत ‘फॅमिली रूम’ अशी जी पाटी असे, ती गिऱ्हाइकांच्या कुटुंबासाठी होती. ज्यांच्या कष्टावर ते हॉटेल चाले त्यांच्या कुटुंबांना त्या पाटीत जागा नव्हती. एकाच शब्दाचे हे दोन उपयोग समोरासमोर ठेवले की प्रस्तुत विषयातला खरा प्रश्न दिसू लागतो : भटारखान्यातील कुटुंबभाव ही कामगारांनी स्वतःसाठी उभी केलेली गोष्ट आहे, की मालकाने त्यांच्यासाठी पुरवलेली भाषा?

या प्रश्नाचे उत्तर समाजशास्त्राइतकेच साहित्यानेही शोधले आहे. येथे जॉर्ज ऑर्वेल, अर्नोल्ड वेस्कर, किरण देसाई आणि अनिता देसाई यांच्या चार कृती विचारात घेऊन, त्यांच्या उजेडात मराठी साहित्याची या विषयातील स्थिती तपासली आहे.

२

युरोपीय उपाहारगृहाच्या भटारखान्याची रचना मुळात कुटुंबाची नाही, पलटणीची आहे. ऑग्युस्त एस्कॉफिए (१८४६–१९३५) या फ्रेंच पाककलाप्रमुखाने ती बसवली आणि तिला ‘ब्रिगेड’ हे लष्करी नाव मिळाले. प्रत्येकाचे ठाणे ठरलेले, हुद्दा ठरलेला, हुकूम वरून खाली येणारा. ऑर्वेलचे ‘डाउन अँड आउट इन पॅरिस अँड लंडन’ (१९३३) हे पुस्तक या पलटणीच्या सर्वांत खालच्या पायरीवरून लिहिले गेले आहे. पॅरिसमधील एका बड्या हॉटेलात भांडी घासणारा, पडेल ते काम करणारा ‘प्लाँजर’ म्हणून लेखकाने दिवस काढले. तेथील प्रतिष्ठेची उतरंड त्याने मोठ्या बारकाईने नोंदवली आहे. स्वयंपाकी मिशा ठेवतो, वाढप्याला त्या ठेवता येत नाहीत आणि त्यामुळे भांडी घासणाऱ्यालाही ठेवू दिल्या जात नाहीत, हा तपशील वरवर गमतीचा वाटतो. परंतु या उतरंडीसाठी ऑर्वेल जातिव्यवस्थेचा शब्द वापरतो, ही गोष्ट भारतीय वाचकाला थांबवणारी आहे. त्याचा जन्म मोतीहारीचा आणि नोकरी ब्रह्मदेशातील पोलिसांत; त्यामुळे हा शब्द त्याच्या लेखणीत सहज आला असेल, पण निरर्थक आलेला नाही. माणसाच्या कामाची शिवाशिव त्याच्या देहापर्यंत, त्याच्या ओठावरच्या केसांपर्यंत कशी पोहोचते, हे तो दाखवतो.

तरीही त्याच पुस्तकात दुसरी एक जाणीव आहे. जेवणाच्या गर्दीच्या दोन तासांत जी माणसे एकमेकांना अर्वाच्य शिव्या घालतात, तीच गर्दी ओसरताच सिगारेट वाटून घेतात. ऑर्वेलच्या मते त्या शिव्यांशिवाय ते काम वेळेवर पुरेच होऊ शकत नाही. म्हणजे शिवी येथे वैराची खूण राहत नाही, ती कामाची लय बनते. शिवी देणाऱ्याचा आणि घेणाऱ्याचा संबंध दुसऱ्या दिवशीही शाबूत राहतो, हे कुटुंबाचेच लक्षण म्हणता येईल. परक्याने दिलेली शिवी इतक्या लवकर विसरली जात नाही. मात्र ऑर्वेल या आपलेपणाला भुलत नाही. प्लाँजर हा आधुनिक जगाचा गुलाम आहे आणि त्याचे बरेचसे श्रम निरुपयोगी चैनीसाठी खर्ची पडतात, हा निष्कर्ष तो ठामपणे मांडतो. सोबत्यांविषयीची माया आणि व्यवस्थेविषयीची चीड यांची त्याने गल्लत केली नाही, हे त्या पुस्तकाचे बळ आहे. त्याची मर्यादाही येथेच आहे. तो या चुलीपाशी काही काळापुरता आला होता, आणि निघून जाण्याची वाट त्याला मोकळी होती.

वेस्करच्या ‘द किचन’ (१९५७ मध्ये लिहिलेले, १९५९ मध्ये लंडनच्या रॉयल कोर्ट रंगमंदिरात प्रथम सादर) या नाटकाचे स्थान वेगळे आहे. वेस्करने स्वतः भटारखान्यात काम केले होते; पॅरिसमध्ये तो पेस्ट्री करणारा आचारी होता. टिव्होली या काल्पनिक उपाहारगृहाच्या भटारखान्यात जर्मन, सायप्रसचे, आयरिश, ज्यू, इंग्रज अशी सुमारे तीस माणसे एका दिवसात रंगमंचावर वावरतात. पहाटे भट्ट्या पेटतात, त्यांचा आवाज वाढत जातो आणि दुपारच्या जेवणवेळी नाटक अशा वेगाला पोहोचते, की संवाद ऐकू येण्यापेक्षा देहांची धावपळच दिसत राहते. या नाटकात खरे अन्न रंगमंचावर येऊ नये, नटांनी ते मूकाभिनयाने दाखवावे, अशी नाटककाराची सूचना आहे. हा केवळ सोयीचा भाग मानता येणार नाही. कामगारांच्या हातांतून दिवसभर अन्न जाते आणि तरीही ते त्यांचे नसते, हे सत्य त्या रिकाम्या हातांनी जितके दिसते तितके खऱ्या पदार्थांनी दिसले नसते.

युद्धानंतरच्या दशकात शत्रुराष्ट्रांची माणसे एका चुलीशी आणून नाटककाराने कुटुंबभावाची कठीण परीक्षा घेतली आहे. नाटकाच्या आरंभाआधीच पीटर हा जर्मन आचारी आणि गॅस्टन हा सायप्रसचा आचारी यांच्यात मारामारी होऊन गेलेली असते. दुपारच्या निवांत वेळी हाच पीटर सोबत्यांना आपापली स्वप्ने सांगायला लावतो. काहींची स्वप्ने अगदी साधी निघतात : झोप, पैसा, बाई. स्वप्न सांगण्याची पाळी खुद्द पीटरवर येते तेव्हा त्याच्याकडे सांगायला काही उरत नाही. येथे वेस्करची दृष्टी नेमकी दिसते. कुटुंबात माणसे एकमेकांना भविष्याविषयी विचारतात. भटारखान्यात फक्त आजच्या पानांविषयी विचारले जाते. पीटरने तो प्रश्न विचारून क्षणभर एक कुटुंब निर्माण केले, पण पुढच्या पाळीची वेळ होताच ते विरून गेले.

एक भिकारी दारात येतो आणि पीटर त्याला वाडगाभर उरलेल्या रश्श्याऐवजी चांगल्या मांसाचे तुकडे देतो, हा प्रसंगही याच संदर्भात वाचला पाहिजे. घरातला माणूस दारी आलेल्याला अन्न देऊ शकतो. तो अधिकार चुलीच्या मालकीतून येतो. मालक मॅरँगोला ते देणे म्हणजे आपल्या मालाचे नुकसान वाटते. अखेरीस पीटर सुरा घेऊन गॅसची नळी तोडतो आणि भट्ट्या विझतात, तेव्हा मालकाला खरोखरच कळत नाही, की काम, पगार आणि जेवण दिल्यावर माणसाला आणखी काय हवे असते. या प्रश्नाचे उत्तर नाटककार देत नाही. पण चुलीच्या भाषेत विचार करणाऱ्या वाचकाला ते ठाऊक असते : मालकाने अन्न दिले, वाटा दिला नाही.

३

वेस्करच्या मालकाला कुटुंबाची भाषा अवगत नाही. किरण देसाई यांच्या ‘द इनहेरिटन्स ऑफ लॉस’ (२००६, त्याच वर्षीचे बुकर पारितोषिक) या कादंबरीतील हरीश-हॅरी या मालकाला ती उत्तम अवगत आहे. म्हणूनच तो अधिक धोकादायक आहे. कालिम्पाँगच्या एका निवृत्त न्यायाधीशाच्या आचाऱ्याचा मुलगा बिजू न्यूयॉर्कमध्ये कागदपत्रांविना राहतो आणि एका भटारखान्यातून दुसऱ्या भटारखान्यात फिरत राहतो. वर फ्रेंच जेवण आणि खाली तळघरात मेक्सिकन व भारतीय हात, ही या उपाहारगृहांची रचना कादंबरीकर्ती उपरोधाने मांडते. पाकिस्तानी सहकाऱ्याशी बिजू भांडतो. दूर कालिम्पाँगला बसलेल्या बापालाही तेच वैर योग्य वाटते. एक चूल लाभली तरी जुने द्वेष आपोआप वितळत नाहीत, हे येथे स्पष्ट होते. झांझिबारच्या सईद सईदशी मात्र बिजूची मैत्री जमते. सईदच्या मागे गावाकडून येणाऱ्या तरुणांचा ससेमिरा लागलेला असतो आणि तो त्यांच्यापासून तोंड लपवतो. रक्ताचे नाते येथे ओझे झाले आहे आणि भटारखान्याचे नाते विसावा. कुटुंबभावाचे हे उलटलेले रूप कादंबरीच्या सूक्ष्म निरीक्षणांपैकी एक आहे.

शेवटी बिजू ‘गांधी कॅफे’त पोहोचतो. मालक भारतीय, गिऱ्हाइकांना गोमांस न वाढण्याचा नियम पाळणारा. कामगारांना तो राहायला जागाही देतो, पण ती जागा म्हणजे भटारखानाच. घरभाडे वाचते या सबबीवर पगार कायदेशीर किमान वेतनाच्या चौथाईवर येतो, बक्षिशीही मालकाकडे जमा होते आणि माणसे चोवीस तास नजरेखाली राहतात. चुलीशेजारी झोपणे हे घराचे चिन्ह. येथे तेच वेठीचे साधन झाले आहे. सडक्या पालकावरून पाय घसरून बिजूचा गुडघा जायबंदी होतो, तेव्हा तो वैद्यकीय मदत आणि कायदेशीर वास्तव्याची हमी मागतो. मालकाचे उत्तर असे, की कागद नसताना ठेवून घेतले, पोटच्या मुलासारखे वागवले, त्याची ही परतफेड! मग थोडे पैसे हातावर ठेवून भारतात जाऊन इलाज करण्याचा सल्ला मिळतो.

‘मुलासारखे’ या एका शब्दात या विषयाचा गाभा आहे. मुलगा आजारी पडला तर त्याला परदेशी पाठवून बाप मोकळा होत नाही. ‘सारखे’ हा प्रत्यय नात्यातील जबाबदारी वगळून आज्ञापालन तेवढे शिल्लक ठेवतो. वेतन मागणाऱ्या नोकराला नाही म्हणताना मालकाला कारण द्यावे लागते. वेतन मागणाऱ्या ‘मुला’ला कृतघ्न म्हटले की पुरते.

कादंबरीने या प्रसंगाला समांतर असा दुसरा भटारखाना ठेवला आहे आणि तिचे रचनासामर्थ्य तेथेच आहे. बिजूचा बाप आयुष्यभर न्यायाधीशाच्या घरच्या चुलीशी राबला. घरातला माणूस म्हणून तो स्वतःची समजूत घालतो, मालकाच्या वैभवाच्या कल्पित कथा इतरांना सांगतो. तरी कादंबरीभर तो केवळ ‘आचारी’ आहे; त्याचे पन्नालाल हे नाव वाचकाला शेवटाजवळ कळते. अखेरीस न्यायाधीशाच्या हातचा मारही त्याच्या वाट्याला येतो. बापाला घरच्या चुलीने आणि मुलाला धंद्याच्या चुलीने सारखेच नाकारले. शीर्षकातला ‘वारसा’ हा शब्द या दृष्टीने विशेष अर्थपूर्ण ठरतो. चूल आहे आणि वाटा नाही, हीच स्थिती बापाकडून मुलाला वारशाने मिळाली आहे.

४

अनिता देसाई यांच्या ‘द व्हिलेज बाय द सी’ (१९८२) या किशोर-कादंबरीचा संबंध थेट महाराष्ट्राशी आहे. तिचे उपशीर्षकच ‘एक भारतीय कौटुंबिक कथा’ अशा अर्थाचे आहे. अलिबागजवळच्या थळ गावचा हरी, बाप दारूत बुडालेला आणि आई अंथरुणाला खिळलेली असताना, खतकारखान्याविरुद्धच्या मोर्चाबरोबर मुंबईला येतो आणि गोवालिया टँकच्या परिसरातील जगूच्या ‘श्रीकृष्ण’ खाणावळीत काम धरतो. धूर, काळोख, कणीक, भांडी आणि असह्य उकाडा यांचे लेखिकेने केलेले वर्णन संयत आहे. जगू मितभाषी, पण माणुसकी असलेला मालक आहे. तो हरीला दुपारी शेजारच्या पानवाला या घड्याळदुरुस्ती करणाऱ्या वृद्धाकडे कसब शिकू देतो. पावसाळ्यात एकदा जगू त्याला स्वतःच्या घरी नेतो. तेथील दारिद्र्य आणि जगूच्या बायकोचा त्रागा पाहून हरीला उमगते, की आपला मालकही आपल्याइतकाच कोंडलेला आहे. हा प्रसंग कादंबरीचा उच्चबिंदू मानावा लागेल. मालकाने घरी नेले म्हणून कोणी घरचा होत नाही, आणि मालकाकडे देण्याजोगे घर असतेच असेही नाही, ही दोन्ही सत्ये तेथे एकत्र येतात.

तथापि या कादंबरीत एक मौन आहे आणि त्याची नोंद घेणे आवश्यक आहे. हरीबरोबर त्या खाणावळीत आणखी दोन मुले काम करतात. ती तमिळ बोलतात. हरीला त्यांची भाषा येत नाही. कादंबरी हरीच्या दृष्टीतून चालत असल्याने त्या मुलांचे आतले जग वाचकालाही बंद राहते. हरीला पानवाला भेटला, कसब मिळाले, परतीची वाट मिळाली. त्या दोघांचे काय झाले, हे कळत नाही. लेखिकेने भाषेची ही भिंत प्रामाणिकपणे दाखवली, पण ती ओलांडण्याचा प्रयत्न केला नाही. त्यामुळे मायेचे नाते मालक आणि एक गुणी मुलगा यांच्यातच जुळते. मुलामुलांमधले नाते, जे भटारखान्याच्या कुटुंबभावाचे खरे अधिष्ठान असते, अलिखितच राहते.

या मौनाचा धागा मराठी साहित्यापर्यंत येतो. मुंबईच्या गिरणीकामगाराला मराठी कवितेत, कथेत, नाटकात जे स्थान मिळाले त्याच्या जवळपास जाईल असे स्थान हॉटेलकामगाराला मिळालेले दिसत नाही. नारायण सुर्वे (१९२६–२०१०) यांचे नाव येथे प्रथम येते. गंगाराम सुर्वे या गिरणीकामगाराने रस्त्यावर सापडलेल्या या मुलाला घरी नेले, आपले आडनाव दिले. पुढे हे कुटुंब गावी परतल्यावर मुलगा मुंबईत एकटा उरला आणि इतर कामांबरोबर हॉटेलातला पोऱ्याही झाला. रक्ताशिवाय कुटुंब होऊ शकते, हा त्यांच्या आयुष्याचा पहिला अनुभव होता. ‘माझे विद्यापीठ’ (१९६६) या शीर्षकातून ज्या शाळेबाहेरच्या शिक्षणाकडे ते निर्देश करतात, त्यात हॉटेलची मोरीही आहे. परंतु सुर्व्यांची दृष्टी रस्त्यावर, गिरणीवर आणि संघटित कामगारावर स्थिरावली. भटारखाना हा त्यांच्या काव्याचा मध्यवर्ती अवकाश झाला नाही. दुसऱ्या बाजूला विठ्ठल कामत यांचे ‘इडली, ऑर्किड आणि मी’ हे लोकप्रिय आत्मकथन आहे. ते गल्ल्याच्या बाजूने सांगितलेले आहे आणि त्या बाजूने प्रामाणिक आहे. गल्ल्याच्या बाजूची कथा मराठीत मोठ्या संख्येने वाचली गेली, मोरीच्या बाजूची मात्र तितक्या विस्ताराने लिहिलीच गेली नाही, ही विषमता लक्षणीय आहे.

तिचे एक कारण भाषिक आहे. गिरणीकामगार मोठ्या प्रमाणात कोकण आणि घाटावरून आला. त्याची भाषा मराठी होती. मुंबईच्या हॉटेलांतील पोऱ्या मात्र बहुधा दक्षिण कन्नड जिल्ह्यातून आला. त्याची बोली तुळू वा कन्नड. ए. रामा नायक यांनी १९४२ मध्ये माटुंग्याला सुरू केलेल्या उडुपी श्रीकृष्ण बोर्डिंगसारख्या संस्थांभोवती अशी एक वसाहतच उभी राहिली. दिवसा कपबशा विसळणारी मुले रात्री कन्नड माध्यमाच्या रात्रशाळेत शिकली. पुढच्या काळात उत्तर भारतातून आणि नेपाळमधून आलेल्या कामगारांची भर पडली. मुंबईचा भटारखाना बहुभाषिक आहे आणि मुंबईचे मराठी साहित्य एकभाषिक. म्हणून ही चूल मराठी लेखकाच्या नजरेसमोर असूनही त्याच्या कानांपलीकडे राहिली. या विषयाचा अभ्यास भाषांच्या सीमा ओलांडूनच करावा लागेल, हे यावरून उघड आहे.

गिरणगावातील खाणावळींचा मात्र येथे वेगळा विचार केला पाहिजे. तेथे घराची चूल हीच धंद्याची चूल होती. एका खोलीत राहणाऱ्या स्त्रिया एकट्या कामगारांना दोन वेळचे जेवण देत. प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये स्थापन केलेल्या अन्नपूर्णा महिला मंडळाने या स्त्रियांना संघटित केले आणि त्यांना बँकांचे कर्ज मिळवून दिले. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपात जेवणाऱ्यांची मिळकत थांबली तेव्हा ही चूलही संकटात आली. जेवणाऱ्याचे दुःख आणि वाढणारीचे दुःख येथे एकाच वेळी आले. अन्नाबरोबर जोखमीतही वाटा असणे, हा जो कुटुंबाचा निकष प्रारंभी सांगितला, तो या नात्याला बऱ्याच अंशी लागू पडतो. ‘गांधी कॅफे’ आणि गिरणगावची खाणावळ यांतला फरक मायेच्या प्रमाणाचा नाही, जोखीम कोण उचलतो याचा आहे.

५

कुटुंब हा शब्द केवळ भावनेचा नाही, तो कायद्याचाही आहे. १० ऑक्टोबर २००६ पासून भारतात चौदा वर्षांखालील मुलांना ढाबे, हॉटेले, चहाची दुकाने येथे कामाला ठेवण्यास बंदी आली. हरीच्या सोबत्यांसारख्या मुलांसाठी हे पाऊल आवश्यक होते. २०१६ च्या दुरुस्तीने सर्वच व्यवसायांत अशी बंदी घातली, परंतु शाळेच्या वेळेबाहेर स्वतःच्या कुटुंबाला वा कौटुंबिक उद्योगाला मदत करण्याची मुभा ठेवली. कायद्याने कुटुंबाची व्याख्या आईबाप, भावंडे आणि आईबापांची भावंडे एवढ्यांपुरती बांधली आहे. ज्या भटारखान्यात प्रत्येक वडीलधारा ‘मामा’ किंवा ‘काका’ असतो आणि प्रत्येक लहान मुलगा ‘छोटू’, तेथे ही व्याख्या किती सहज वाकवता येते, हे समजायला साहित्याचा वाचक अधिक तयार असतो. कारण हरीश-हॅरीचे बोलणे त्याने ऐकलेले असते.

या चार कृतींच्या वाचनातून असे दिसते, की भटारखान्यातील कुटुंबभाव खोटा नाही. ऑर्वेलच्या सिगारेटी, पीटरने विचारलेली स्वप्ने, सईदची संगत, जगूचे मुके औदार्य ही सारी खरी आहेत; माणसे आगीशेजारी एकमेकांना जपतात म्हणूनच ते काम निभावते. पण हा भाव आडवा असतो, बरोबरीच्यांमध्ये वाढतो. तोच उभा करून मालक-नोकर संबंधावर चढवला की त्याचे हत्यार होते. चांगल्या लेखकाचे काम या दोहोंतला फरक शाबूत ठेवण्याचे आहे : आपलेपणाची थट्टा करायची नाही आणि त्याच्या नावावर हिशेब बुडू द्यायचा नाही. वेस्कर आणि किरण देसाई यांना हे पूर्णतः साधले आहे, ऑर्वेलला बाहेरच्याच्या मर्यादेत, आणि अनिता देसाई यांना एका मुलापुरते.

मार्च २०२० च्या टाळेबंदीत शहरांतील हॉटेले बंद झाली आणि असंख्य कामगारांना गावाची वाट धरावी लागली. कोणत्या भटारखान्याने आपल्या माणसांना चूल विझल्यावरही जेवू घातले आणि कोणत्याने ‘मुलासारख्या’ माणसांना रस्त्यावर सोडले, याच्या कथा त्या माणसांच्या तुळू, भोजपुरी, नेपाळी, उडिया अशा भाषांत आहेत. मराठीला त्या ऐकायच्या असतील, तर अनुवादाची आणि सहवासाची वाट धरावी लागेल. तेव्हाच जगूच्या खाणावळीतल्या त्या दोन निनावी मुलांना भारतीय साहित्याच्या पंगतीत पान मांडले जाईल.